अर्धशिशी, इस्ट्रोजेनची घसरण आणि प्लेटलेट्सवरचा जुना संशय

दर महिन्याला पाळीच्या तोंडावर अर्धं डोकं उठतं म्हणून कुणी हार्मोन्सची तपासणी करून घेतं आणि रिपोर्ट येतो साफ नॉर्मल. इस्ट्रोजेन नॉर्मल, प्रोजेस्टेरॉन नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, प्लेटलेट्स अडीच लाख. घरातले म्हणतात, "बघ, काही नाहीये तुला." पुढच्या महिन्यात त्याच सुमाराला ती पुन्हा पडदे ओढून, डोक्याला ओढणी आवळून पडलेली असते.

रिपोर्ट खरा असतो, पण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. रक्ताचा एक नमुना त्या एका सकाळची पातळी दाखवतो. अर्धशिशीला इस्ट्रोजेन किती आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ते किती झपाट्याने उतरलं, यावर तिचं सगळं अवलंबून. प्लेटलेट्सचंही तसंच. त्यांची संख्या ठीक असते, आणि संख्येचा इथे बहुतेक वेळा काही संबंधच नसतो. तरीही हार्मोन्स आणि रक्तपेशी या दोघांचा अर्धशिशीशी संबंध आहे, आणि तो नीट कळला तर कोणती गोळी घ्यायची आणि कोणती चुकूनही घ्यायची नाही हे ठरवायला फार उपयोग होतो.

आधी थोडक्यात, डोक्यात होतं काय ते. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते मेंदूवरचं आवरण. या आवरणात आणि तिथल्या रक्तवाहिन्यांभोवती ट्रायजेमिनल नसेचे बारीक तंतू पसरलेले असतात. कपाळ आणि डोळा यांच्या संवेदनाही हीच नस वाहून नेते, म्हणून दुखणं डोळ्यामागे, कपाळात, कानशिलावर जाणवतं. या तंतूंची टोकं चेतली की ती सीजीआरपी नावाचा एक छोटा, प्रथिनासारखा रेणू सोडतात. त्याने आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, नसा आणखी हुळहुळ्या होतात आणि प्रत्येक ठोक्याबरोबर घण बसल्यासारखं वाटतं. लार्स एडविन्सन आणि पीटर गोड्सबी यांनी झटका चालू असतानाच रुग्णांच्या मानेतल्या शिरेचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात सीजीआरपी वाढलेलं सापडलं. या धाग्यावरच्या कामासाठी २०२१ साली या दोघांसह मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना ब्रेन प्राइझ मिळालं. औषध न घेतल्यास झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो.

हा आजार किती पसरलेला आहे? आपल्या शेजारच्या कर्नाटकात झालेल्या एका मोठ्या पाहणीत, वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्या प्रौढांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या घरात निघालं. म्हणजे चौघांत एक. आता वयाप्रमाणे पुरुष आणि बायका वेगळ्या काढून बघा. वयात येण्याआधी मुलगे आणि मुली यांच्यात अर्धशिशीचं प्रमाण जवळपास सारखं असतं. पाळी सुरू झाली की चित्र पालटतं आणि तरुण वयात बायकांमधलं प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होतं. "बायकांना टेन्शन जास्त" हे त्याचं आवडतं स्पष्टीकरण. टेन्शन असतंच, नाही म्हणत नाही, पण ते काही बाराव्या-तेराव्या वर्षी अचानक तिप्पट होत नाही. नेदरलँड्समध्ये इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्सजेंडर स्त्रियांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. जन्माने पुरुष असलेल्या या स्त्रियांमध्येही अर्धशिशीचं प्रमाण इतर बायकांइतकंच आढळलं. हार्मोन बदललं आणि आकडा त्याच्यामागे गेला.

सिडनीतला एक साधा प्रयोग

इस्ट्रोजेन वाढल्याने दुखतं की कमी झाल्याने? की दोष प्रोजेस्टेरॉनचा? पाळीच्या आधी दोन्ही हार्मोन्स एकदमच खाली येतात, त्यामुळे नुसतं बघून हे सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर ब्रायन सॉमरव्हिल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांना वेगळं केलं. पाळीबरोबर हमखास अर्धशिशी येणाऱ्या मोजक्या बायकांना त्यांनी पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं. पाळी पुढे गेली, पण बहुतेकींचं डोकं ठरल्या वेळेलाच दुखलं. मग इस्ट्रोजेनचं इंजेक्शन दिलं. या खेपेला बरोबर उलटं झालं. पाळी वेळेवर आली आणि डोकेदुखी काही दिवस लांबली. इंजेक्शनचा अंमल सरून इस्ट्रोजेन खाली आलं, तेव्हा डोकं दुखलं.

म्हणजे रक्तस्रावाने डोकं दुखत नव्हतं आणि प्रोजेस्टेरॉनच्या घसरणीनेही नाही. दुखत होतं ते इस्ट्रोजेन उतरल्याने. १९७२ सालचा हा निबंध आजही या विषयाचा पाया आहे. माझ्या मते वैद्यकातल्या नेटक्या प्रयोगांमध्ये त्याची गणना व्हावी, कारण फार महागडं यंत्र नाही, हजारो माणसं नाहीत, फक्त प्रश्न नेमका विचारलेला.

खंडाळ्याचा घाट उतरताना कानात दडे बसतात. लोणावळ्याला कान ठीक असतात, खाली खोपोलीलाही ठीक होतात. त्रास होतो तो मधल्या उतरणीत. अर्धशिशी असलेल्या मेंदूचं इस्ट्रोजेनशी असंच आहे. त्यात आणखी एक अट आहे. इस्ट्रोजेन आधी काही दिवस चांगलं चढलेलं असावं लागतं, मगच त्याच्या पडण्याने झटका येतो. महिन्याच्या मध्यावर, बीज सुटतानाही इस्ट्रोजेन चढून उतरतं, पण ते चढलेलं राहतं थोडाच वेळ. त्या वेळी अर्धशिशी तितकी येत नाही, याचं कारण बहुधा हेच.

एकदा हे कळलं की बाईच्या आयुष्यातल्या अनेक कोड्यांची उकल होते. दिवस गेल्यावर पहिले तीन महिने डोकं त्रास देतं, पण नंतर इस्ट्रोजेन चढतं आणि चढलेलंच राहतं. ऑरा नसलेली अर्धशिशी असलेल्या बहुतेक बायकांना शेवटचे सहा महिने खूप आराम पडतो. (ऑरा म्हणजे डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकणं, मुंग्या येणं अशी लक्षणं; ते सविस्तर पुढे येतंच आहे.) बाळंतपण झालं की इस्ट्रोजेन एकदम कोसळतं, आणि बाराव्याची गडबड चालू असताना बाळंतिणीचं डोकं उठतं. "बाळंतपणाचा वारा लागला" असं म्हणून कानाला घट्ट फडकं बांधतात. फडक्याने अपाय नाही, पण कारण वाऱ्यात नसतं. अंगावर पाजणाऱ्या बाईचं इस्ट्रोजेन कमी पण स्थिर राहतं, त्यामुळे त्या काळात झटके परतायला उशीर लागू शकतो. पाळी जायच्या आधीची चार-पाच वर्षं सर्वांत वाईट, कारण इस्ट्रोजेन या दिवसांत वेडंवाकडं वर-खाली होतं. पाळी पूर्ण गेली की बऱ्याच जणी सुटतात.

पाळी आपोआप गेली तर, हं. ऑपरेशन करून घालवली तर नाही. "पिशवी काढून टाका, डोकेदुखीही जाईल" हा सल्ला अजून कानावर येतो. गर्भाशय इस्ट्रोजेन तयारच करत नाही, ते काम अंडाशयांचं. नुसतं गर्भाशय काढलं तर चढउतार चालूच राहतात, फक्त पाळी दिसत नाही म्हणून त्यांचा माग लागत नाही. अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात तळाला जातं आणि अर्धशिशी वाढूही शकते. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, तो कामाच्या खाड्याशी आणि खासगी दवाखान्यांशी जोडलेला होता, डोकेदुखीशी नव्हे. पण लहान वयात असं ऑपरेशन झालेल्या बाईला पुढे डोकेदुखी जडली, तर त्या दोन गोष्टींचा संबंध डॉक्टरांनी लावून बघायला हवा, आणि तो सहसा कुणी लावत नाही.

आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बघा. तिच्यात २८ गोळ्या आहेत. २१ गोळ्या एका रंगाच्या, हार्मोनच्या. उरलेल्या सात वेगळ्या रंगाच्या, लोहाच्या. गोळी घ्यायची सवय मोडू नये म्हणून ठेवलेल्या. लोहाची गोळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत बाहेरून मिळणारं इस्ट्रोजेन संपतं आणि पाळीसारखा रक्तस्राव होतो. काही बायका सांगतात की त्या रंगीत गोळ्या उष्ण पडतात, डोकं दुखतं. निरीक्षण अगदी बरोबर आहे. फक्त दोष त्या गोळीत जे आहे त्याचा नसून जे नाही त्याचा आहे.

उतरण लागल्यावर मेंदूत घडतं काय, हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही, पण तुकडे हाती आहेत. इस्ट्रोजेन सेरोटोनिन हे मेंदूत निरोप नेणारं रसायन बनवायला मदत करतं, ते उतरलं की सेरोटोनिनची घडी विस्कटते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं की अर्धशिशी असलेल्या बायकांच्या रक्तात आणि अश्रूंमध्येही पाळीच्या दिवसांत सीजीआरपी वाढलेलं असतं. अर्धशिशी नसलेल्या बायकांपेक्षा जास्त. आणि तिसरा तुकडा गर्भाशयातला. पाळी सुरू होताना त्याच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांनी ओटीपोटात कळा येतात आणि रक्तात पोचल्यावर वेदनेच्या नसाही जास्त संवेदनशील होतात. ही रसायनं रोखणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिड किंवा नॅप्रॉक्सेनसारख्या गोळ्यांनी एकाच वेळी पोट आणि डोकं दोन्ही थोडं शांत होतं, ते यामुळे.

मग इस्ट्रोजेन पडूच दिलं नाही तर? लंडनच्या ॲन मॅकग्रेगर यांनी पाळीच्या सुमाराला इस्ट्रोजेनचं जेल त्वचेवर लावायला देऊन हे करून बघितलं. जेल चालू असताना अर्धशिशीचे दिवस २२ टक्क्यांनी घटले. जेल थांबवल्यावरच्या पाच दिवसांत ४० टक्क्यांनी वाढले. उतार टळला नाही, पुढे गेला.

प्लेटलेट्सवर संशय का आला

आपल्याकडे प्लेटलेट्स हा शब्द डेंग्यूने घरोघरी नेला. पावसाळा सरता सरता "किती आल्या?" हा प्रश्न लाखांतच विचारला जातो. प्लेटलेट म्हणजे तशी अख्खी पेशीसुद्धा नव्हे. अस्थिमज्जेतल्या एका अवाढव्य पेशीतून तुटून निघालेला हा तुकडा, त्याला केंद्रक नाही, आयुष्य आठ-दहा दिवसांचं. जखम झाली की चिकटून गुठळी करायची, हे त्याचं जगजाहीर काम. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की रक्तातलं जवळजवळ सगळं सेरोटोनिन प्लेटलेट्सच्या पोटात असतं. प्लेटलेट्स ते स्वतः बनवत नाहीत. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. तिथून रक्त जाताना प्लेटलेट्स ते शोषून आपल्या दाट कणांमध्ये साठवतात आणि चेतल्या की ओकून टाकतात.

१९६१ साली फ्लॉरेन्सच्या फेडेरिगो सिकुटेरी यांना अर्धशिशीच्या झटक्यात लघवीतून सेरोटोनिनचा टाकाऊ अवशेष जास्त जाताना दिसला. १९६७ साली सिडनीत जेम्स लान्स आणि सहकाऱ्यांनी रक्त तपासलं, तर झटका सुरू होताना बहुतेक रुग्णांत सेरोटोनिन घसरलेलं. म्हणजे प्लेटलेट्सनी साठा बाहेर टाकला आणि तो शरीराने फेकून दिला, असा अर्थ निघत होता.

या शोधाला मुंबईचाही एक धागा आहे. सर्पगंधा आपल्या वैद्यांना जुनी माहितीची. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरचा उपयोग नीट रुग्ण तपासून, आकडे मांडून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ साली बाझेलच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं. या रेसरपीनचा एक गुण असा की ते प्लेटलेट्समधलं सेरोटोनिन रिकामं करतं. संशोधकांनी अर्धशिशीच्या रुग्णांना रेसरपीनचं इंजेक्शन दिलं, तर डोकं दुखायला लागलं. आणि शिरेतून सेरोटोनिन दिलं, तर उतरलं. रक्तदाबावरच्या आपल्या मुळीने असा अर्धशिशीतला एक महत्त्वाचा दुवा जोडून दिला.

पुरावा इतका जमल्यावर ब्रिटनच्या डॉ. एडा हॅनिंग्टन यांनी १९७८ साली लॅन्सेटमध्ये सरळ विचारलं, अर्धशिशी हा रक्ताचा आजार तर नाही? त्यांचं म्हणणं होतं की या रुग्णांच्या प्लेटलेट्स मुळातच उतावळ्या असतात, लवकर चिकटतात आणि लवकर सेरोटोनिन सोडतात, आणि पुढचं सगळं त्यातूनच होतं.

कल्पना देखणी होती, पण टिकली नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर असतो, रक्तातलं सेरोटोनिन त्यातून आत शिरत नाही. प्लेटलेट्सचा उतावळेपणा दोन झटक्यांच्या मधल्या काळातही दिसतो, मग झटका नेमका मंगळवारीच का आला याचं उत्तर त्यात मिळत नाही. आणि सर्वांत अडचणीची गोष्ट म्हणजे डोकं दुखायच्या कित्येक तास आधी, कधी आदल्या दिवशीच, जांभया सुरू होतात, मान आखडते, काहीतरी गोडधोड खावंसं वाटतं, चिडचिड होते. ही सगळी मेंदूतली कामं. ठिणगी तिथेच पडते, रक्तात नंतर धूर दिसतो.

तरी त्या चुकीच्या तर्कातून औषध मात्र खरं निघालं. शिरेतून दिलेलं सेरोटोनिन झटका उतरवतं, पण मळमळ, धाप असे दुष्परिणामही करतं. मग सेरोटोनिन पेशींवरच्या ज्या जागांना चिकटतं (ग्राहक), त्यांतल्या फक्त हव्या त्यांवर काम करणारा रेणू शोधायचा, या विचारातून ग्लॅक्सोमध्ये पॅट्रिक हम्फ्री यांच्या गटाने सुमाट्रिप्टान बनवलं. १९९०च्या दशकात ते बाजारात आलं आणि आजही झटका थांबवायला ट्रिप्टान गटाची औषधं मुख्य आहेत.

प्लेटलेट्सनाही पूर्ण निर्दोष म्हणून सोडता येत नाही. अमेरिकेत २२ हजारांहून अधिक डॉक्टरांवर झालेल्या ॲस्पिरिनच्या अभ्यासात, एक दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत अर्धशिशीचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी निघालं. हे सगळे डॉक्टर पुरुष होते! तिप्पट बायकांना होणाऱ्या आजाराची माहिती मिळाली ती अशा अभ्यासातून. पुढे बायकांच्या अभ्यासात १०० मिलिग्रॅमचा डोस दिला, तेव्हा फरक नगण्य निघाला. एसेन्शियल थ्रॉम्बोसायथीमिया या रक्ताच्या आजारात प्लेटलेट्स साडेचार लाखांच्या वर, कधी दहा लाखांपर्यंत जातात. अशा रुग्णांना डोकेदुखी होते, डोळ्यांपुढे चमकतं आणि थोड्या ॲस्पिरिनने ते पुष्कळदा थांबतं. आणखी एक उदाहरण हृदयाचं आहे. वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्मजात भोक छत्रीसारख्या उपकरणाने बुजवल्यावर काही जणांना नव्यानेच अर्धशिशी सुरू होते. कॅनडात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांना ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल हे प्लेटलेट्स चिकटू न देणारं औषध तीन महिने दिलं, तर हे झटके कमी झाले. नव्या उपकरणावर प्लेटलेट्स गोळा होतात, हे त्यामागचं बहुधा कारण.

या हृदयाच्या भोकांवरून एक उत्साहाची लाटही येऊन गेली. गर्भात असताना उघडा असणारा एक छोटा दरवाजा दर चार माणसांत एकात पूर्ण मिटत नाही आणि ऑरावाल्या रुग्णांत हे प्रमाण बरंच जास्त आहे. मग दरवाजा बुजवा, अर्धशिशी बरी होईल! २००८ साली ब्रिटनमध्ये रीतसर चाचणी झाली. अर्धशिशी थांबली नाही. नुसत्या डोकेदुखीसाठी कुणी हे ऑपरेशन सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

ऑरा असेल तर

हार्मोन आणि रक्तपेशी या दोन वाटा जिथे एकमेकींना मिळतात ती जागा म्हणजे ऑरा. दहा रुग्णांपैकी दोघा-तिघांना तो होतो. वाचता वाचता मधलंच एखादं अक्षर दिसेनासं होतं. त्या जागी चमचमता ठिपका येतो, त्याची नागमोडी, करवतीच्या दात्यांसारखी कड होते, ती हलत हलत कडेला सरकते, मागे राखाडी डाग ठेवते आणि वीस-तीस मिनिटांत निघून जाते. काहींना बोटांपासून मुंग्या चढत ओठांपर्यंत येतात, काहींची जीभ अडखळते. डोळ्यांत दोष नसतो. मेंदूच्या मागच्या भागात विद्युत-शांततेची एक लाट मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने पसरत असते. ॲरिस्टिडेस लेआओ या ब्राझीलच्या संशोधकाने १९४४ साली ती सशाच्या मेंदूत प्रथम नोंदवली.

ही लाट उठवायला काय लागतं? प्राण्यांवरच्या प्रयोगांत इस्ट्रोजेन जास्त असलं की ती सहज उठते. म्हणजे ऑराचा न्याय उलटा. साधी अर्धशिशी इस्ट्रोजेन पडल्यावर येते, ऑरा इस्ट्रोजेन चढल्यावर जोर धरतो. म्हणूनच गरोदरपणात ऑरावाल्यांना तितकासा आराम नसतो. २०१० साली उंदरांवरच्या प्रयोगात असंही दिसलं की रक्तातून गेलेल्या अगदी बारीक गुठळ्या, ज्यांनी मेंदूला कायमची इजाही होत नाही, त्या ही लाट सुरू करू शकतात. आणि इस्ट्रोजेन रक्ताची गोठायची वृत्ती वाढवतं. तिन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवा.

ऑरासह अर्धशिशी असलेल्यांना मेंदूतल्या गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. तरुण बाईत मूळ धोकाच इतका कमी आहे की दुप्पट होऊनही तो कमीच राहतो, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण त्यात इस्ट्रोजेनची गोळी आणि सिगारेट यांची भर पडली की हिशेब बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा नियम स्पष्ट आहे. ऑरा असेल तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी कोणत्याही वयात घेऊ नये, आणि ऑरा नसलेली अर्धशिशी असेल तर पस्तिशीनंतर टाळावी. माला-एन याच प्रकारात मोडते. तांबी बसवायला या कारणाने हरकत नाही, तिच्यात हार्मोनच नसतं.

आपल्याकडे यात एक चोरवाट आहे, तिच्याबद्दल बोललं जात नाही. गौरी बसायच्या असतात, घरात मुंज असते, पंढरीला जायचं असतं आणि तारीख आडवी येते. मग कुणीतरी मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणून देतं. त्यांत नोरेथिस्टेरॉन असतं, दिवसाला पाच-पाच मिलिग्रॅमच्या तीन. ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध, म्हणून इस्ट्रोजेनची भीती नाही असं वाटतं. पण या डोसमध्ये त्याचा काही भाग शरीरात इथिनाइल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीतलंच इस्ट्रोजेन, आणि जवळपास एका गोळीत असतं तितकं. ऑरा असणाऱ्या बाईने ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पाळी आली म्हणून गौरी रुसतात का, हा वेगळा विषय. मला विचाराल तर नाही.

दवाखान्यात "ऑरा" म्हटलं नाही तरी चालेल. "डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकतं" एवढं सांगितलं तरी समोरच्याला पुरतं. अडचण अशी की गोळी देताना हे विचारलं जात नाही आणि चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून बाईही सांगत नाही.

रक्तात जन्मलेली आणखी एक पेशी उल्लेखाला पात्र आहे, मास्ट पेशी. अस्थिमज्जेतून निघून ती मेंदूच्या आवरणात, नसांच्या टोकांना खेटून बसते आणि चेतली की हिस्टामिन सोडते. बॉस्टनमध्ये डॅन लेव्ही आणि रामी बर्स्टीन यांनी २००७ साली प्राण्यांमध्ये दाखवलं की या पेशी फुटल्या की आवरणातल्या वेदनेच्या नसा बराच वेळ चेतलेल्या राहतात. सर्दीच्या ॲलर्जीची गोळी मात्र अर्धशिशीवर विशेष चालत नाही, त्यामुळे सध्या तरी यातून रुग्णाच्या हाती काही लागलेलं नाही.

लाल पेशींचं तसं नाही. काहींचं डोकं पाळीच्या आधी नाही तर पाळी संपता संपता दुखतं. तोवर इस्ट्रोजेन पुन्हा चढायला लागलेलं असतं, तेव्हा उतरणीचं कारण इथे लागू पडत नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या ॲन कॅलहून यांनी अशा बायका तपासल्या, तर जवळजवळ सगळ्यांच्या शरीरातला लोहाचा साठा कमी होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला आहे, हे लक्षात घेतलं तर आपल्याकडे ही शक्यता आधी तपासायला हवी. त्यासाठी हिमोग्लोबिनबरोबर फेरीटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, बघावं लागतं. हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही साठा आटलेला असू शकतो.

म्हणून सर्वांत कामाची तपासणी भिंतीवरच्या कॅलेंडरची. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी पाळीचा पहिला दिवस आणि डोकं दुखल्याचे दिवस तीन महिने मांडायचे. पाळी सुरू होण्याआधीचे दोन दिवस ते पाळीचा तिसरा दिवस, या पाच दिवसांत तीनपैकी किमान दोन महिने डोकं दुखलं, तर ती पाळीशी जोडलेली अर्धशिशी. पाळी नियमित असेल तर डॉक्टर नॅप्रॉक्सेन किंवा फ्रोवाट्रिप्टान दोन दिवस आधीच सुरू करून पाच-सहा दिवसांत थांबवतात. वर्षभर रोजची गोळी घ्यावी लागत नाही. पित्ताचा, दम्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते आधी सांगायचं. त्याच कॅलेंडरवर घेतलेल्या गोळ्याही लिहायच्या. साधी वेदनाशामकं महिन्यात पंधरा दिवस, ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या दहा दिवस, याच्या पलीकडे गेलं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. आणि चाळिशीनंतर पहिल्यांदाच ऑरा झाला, तो तासाभराहून जास्त टिकला, किंवा एका अंगाची ताकद गेली, तर अर्धशिशीच असेल म्हणून झोपून राहायचं नाही, त्याच तासाला मेंदूचा स्कॅन होईल अशा रुग्णालयात जायचं.